गोजराआत्याचं रीळ

"छत्री डब्यावर धरा ताई, माझ्या डोक्यावर नको," विलासभाऊ म्हणाले.

जयमालाने छत्री पुढे सरकवली. आता डब्याला सावली आणि दोन माणसांना ऊन. तळवली मागे पडली होती, गोठिवली अजून यायची होती, आणि एप्रिलचं ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. विलासभाऊंनी तो पत्र्याचा चपटा डबा दोन्ही हातांनी छातीशी उभा धरला होता. दवाखान्यातून बाळ घरी आणताना सुद्धा माणसं इतकं जपून चालत नाहीत.

एक रिक्षा आपणहून थांबली. "ताई, ऐरोली ना? बसा, एवढ्या उन्हाचं कुठे चालत जाता?"

जयमालाचा एक पाय उचललासुद्धा होता. विलासभाऊ मात्र साप दिसावा तसे गटाराच्या कडेपर्यंत मागे सरले.

"मागे बघा, मागे! स्पीकर केवढा लावलाय त्याने. त्यात लोहचुंबक असतं, पाट्याएवढं. टेपवरचा आवाज पुसला जातो त्याने."

"मग डबा घेऊन पुढे बसा ड्रायव्हरजवळ."

"पुढे हॉर्न. त्यातही तेच."

रिक्षावाल्याने दोघांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, "केक आहे काय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

घणसोली गावातून निघाल्यापासून हेच चाललं होतं. विजेची डीपी दिसली की रस्ता ओलांडायचा. मोबाइलच्या दुकानासमोरून लांबून जायचं. गोठिवलीत देवळाशी आल्यावर जयमालाने चपला काढल्या, तर भाऊ वर खांबावरच्या कर्ण्याकडे बघत जागीच थबकले. "तुम्ही जाऊन या. माझा नमस्कार सांगा देवीला. मी डब्यासकट इथेच उभा."

जयमालाने देवीला त्यांचा नमस्कार सांगितला. स्वतःचं मागणं एकच मागितलं, बाई, आत्याचा आवाज घरी पोचू दे. बाहेर आली आणि सकाळपासून जिभेवर असलेला प्रश्न तिने विचारूनच टाकला.

"भाऊ, तुमच्या घरच्या मशीनमध्ये मोटार नसते का हो?"

विलासभाऊ डबा सावरत चालायला लागले. रबाळं आलं तेव्हा म्हणाले, "असते. पण ती ओळखीची मोटार आहे."

डब्यात होता गोजराआत्याचा आवाज. आगऱ्यांच्या लग्नात भटजीइतकाच मान धवलारणीला. मांडव, तेलवण, हळद, प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, त्याला धवले म्हणतात. घणसोलीत गोजराआत्या नसली तर हळद लागली असं कुणी मानायचं नाही. पण घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलते ती वाऱ्यासारखी, नुसतं फुसफुस. शिव्या मात्र पूर्वीइतक्याच स्पष्ट ऐकू येतात. जयमालाच्या मुलीचं, अबोलीचं लग्न पुढल्या महिन्यावर आलेलं. मुलगा कामोठ्याचा. आत्याचं म्हणणं, "माजा आवाज नसंल त माज्या नातीची हळद कोरडी." गावात दुसरं कुणाला धवले पुरते येत नाहीत. भाचा विपुल म्हणाला, डीजे आहे ना, तर आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो जेवायला थांबला नाही.

खूप वर्षांपूर्वी एका कॅसेट कंपनीने आत्याला गायला लावून टेप केली होती. कॅसेटी गावभर झाल्या आणि गावभर टेपरेकॉर्डरनी त्या खाल्ल्या. मूळ रीळ मात्र कंपनी बंद करताना मालकाने आत्याच्या हातात दिलं होतं. ते तिच्या लुगड्यांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांत. जयमालाने घरी सांगितलं की आजीचं रीळ सापडलं, तर अबोली म्हणाली, "आजी रील कधीपासून करायला लागली? कुठल्या अकाउंटवर?"

तेव्हा जयमालाला आठवण झाली ती शेजारच्या सुनीतीवहिनींच्या यजमानांची. वहिनी आणि ती हरिपाठाला एकत्र बसत.

विलासभाऊ मूळचे देवगडकडचे. मुंबईत मामाकडे आले आणि परळच्या एका रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत टेपा गुंडाळायला लागले, त्या गुंडाळता गुंडाळता मशीनवर बसले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा जुनी मशीनं भंगारात निघाली. भाऊंनी त्यातलं एक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत विकत घेतलं आणि ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आणलं. आणताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. वॉचमनने दार वाकवून बघितलं तर भाऊ घामाने निथळत होते आणि हातातल्या वर्तमानपत्राने मशीनला वारा घालत होते.

गंमत म्हणजे या माणसाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सोसायटीच्या गणपतीत त्यांना सांगितलेलं आहे, भाऊ, आरतीला तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "सूर गाणाऱ्याचा," ते म्हणतात, "आवाज माझा."

त्या सकाळी आत्याच्या घरी त्यांनी टेपेचं टोक बोटावर घेतलं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. आत्या देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखी हात जोडून बसली होती.

"चिकट झालीये," डोळे उघडून भाऊ म्हणाले. "अशीच लावली तर सोलून निघेल. मंद आचेवर सुकवावी लागेल. मग एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल की नाही ते देवाला विचारा."

"काका, उरलेल्या एखाद्या कॅसेटवरून नाही का करता येणार?" विपुलने विचारलं.

"कॅसेट म्हणजे कॉपी. कॉपीवरून कॉपी काढायची म्हणजे उसाचा चोथा पुन्हा चरकात घालायचा."

"मग यातला नॉइज तरी ॲपने काढा. मागे खूप आवाज आहेत म्हणतात."

भाऊंनी चष्मा काढला. "नॉइज म्हणजे काय रे? बाई श्वास घेतात तो नॉइज? बांगडी वाजली तो नॉइज? टेपवर आहे ते सगळं येईल, नाही ते काही येणार नाही. मी न्हावी नाही कापायला."

आत्या खूश झाली. फुसफुसत म्हणाली, "देवमानूस हाय. दादा, माजा गला घेऊन चाललास. नीट ने."

तो गळा असा पायी पायी ऐरोलीला पोचला. घरात शिरताच भाऊ ओरडले, "सुनीती, पट्टा!"

सुनीतीवहिनी गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधतात. त्या लंगडत आतल्या खोलीत गेल्या. "बघा जयमाला, नवरा घरी आला की मी असं उठून जायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात हे लोहचुंबक आलंय."

टेप सुकवायला भाऊंकडे खास यंत्र नव्हतं. होतं ते वहिनींचं, आंबापोळी सुकवायचं. त्यातल्या जाळ्या काढून भाऊंनी रीळ आडवं ठेवलं आणि उष्णतामापक घेऊन पुढ्यात मांडी घालून बसले. ताप आलेल्या पोराजवळ बसतात तसे. मधूनमधून उठून रीळ उलटं करायचे.

"परवाच्या आंबापोळीला कसला वास येतो म्हणून बहिणीने विचारलं," वहिनी आतून म्हणाल्या. "काय सांगणार? म्हटलं, जुन्या भावगीतांचा आहे."

रीळ रात्रभर निवू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जयमाला गेली तेव्हा घरात पंखे बंद, फ्रिज बंद. तिचा मोबाइल भाऊंनी बंद करून घेतला आणि वहिनींनी तो कणकेच्या डब्यात ठेवला. वहिनींना पट्टा काढून ठेवून मशीनच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली होती. भाऊंनी मशीनचं हेड, म्हणजे टेप जिथे घासून जाते तो धातूचा तुकडा, स्पिरिटने पुसला. इवल्या स्क्रूड्रायव्हरने तो केसभर इकडे, केसभर तिकडे कलता केला. "ज्या मशीनवर टेप केली त्याचं डोकं जितकं वाकडं, तितकंच माझं वाकडं हवं," ते म्हणाले. "नाहीतर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो."

"ते जमेल तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

मग भाऊंनी देवासमोर उदबत्ती लावायला जयमालाला सांगितलं, आणि लगेच म्हणाले, "नको. धूर." जयमालाने नुसतेच हात जोडले.

वाजेल ते साठवायला भाऊंनी मशीनची वायर लॅपटॉपला जोडली. चाकं फिरली. आधी सूंऽऽ असा आवाज. मग कुणीतरी श्वास घेतला, अगदी कानाजवळ, आणि गोजराआत्या गायला लागली.

*खाडीच्या पान्याला गं भरती आयली,*
*नवरीच्या हळदीला गं गावदेवी आयली…*

जयमालाच्या अंगावर काटा आला. आत्या तेव्हा चाळिशीची असेल. तिचा तो रुंद, उन्हात वाळलेला आवाज, जयमालाच्या स्वतःच्या हळदीला ऐकलेला, खोलीभर पसरला. गेल्या दोन वर्षांत ती तो आवाज विसरायला लागली होती, हे तिला आत्ता कळलं.

"मागे काय तळतंय काहीतरी?" वहिनींनी हळूच विचारलं.

"बेडूक," जयमाला म्हणाली. "आमच्या खाचरातले. आता तिथे टॉवरचं पार्किंग आहे."

भाऊंचं मात्र बेडकांकडे लक्ष नव्हतं. ते मशीनवरच्या आवाज मोजणाऱ्या सुयांकडे बघत होते आणि त्यांचा पारा चढत होता. दुसऱ्या धवल्यात आत्याचा आवाज चढला की करकरत होता.

"कोण गाढव बसला होता मशीनवर?" ते पुटपुटले. "बाई माइक गिळतायत आणि हा बसलाय शेंगा खात! असल्या माणसांनी वाट लावली आमच्या धंद्याची. मी असतो तर कान उपटून बाहेर काढला असता."

तिसरा धवला संपला. टेपवर भांडी वाजली, बायका बोलल्या. मग एक पोरसवदा, किनरा आवाज आला. "मावशी, जरा मागे सरकता का? तुमचा आवाज फाटतोय."

"माजा आवाज फाटतं?" टेपवर आत्या कडाडली. "आदी तुजी चड्डी फाटलीय ती बग! आल्यापासून वाकून वाकून समद्या गावाला दाखवतंस! ए शेंबड्या, मना शिकवतंस?"

मग बायकांचं हसणं. ते संपेचना. एक थांबली की दुसरी सुरू. त्यातून तो किनरा आवाज केविलवाणा होऊन म्हणाला, "मावशी, फक्त एक वीत."

सुनीतीवहिनी उठून उभ्या राहिल्या. "अहो! हा तर तुमचा आवाज!"

"श्शू!" भाऊ म्हणाले. ते कानापर्यंत लाल झाले होते.

"लग्न ठरलं तेव्हा असेच बोलायचात. बांगडीवाल्यासारखे. तुम्ही गेला होतात घणसोलीला?"

"स्टुडिओतून कॅसेट कंपन्यांच्या कामाला खाडीकाठच्या सगळ्या गावांना पाठवायचे मला. तेव्हा तिथे भात आणि मिठागरं होती. काल टॉवर बघून काय ओळखणार?"

टेपवर आत्या थांबायला तयार नव्हती. आता ती चड्डीच्या ठिगळाचा रंग सांगत होती. भाऊंचा उजवा हात सावकाश उठला आणि मशीनवरच्या मोठ्या बटनावर गेला. त्या बटनाने लॅपटॉपमध्ये जाणारा आवाज बंद होतो, इतकं जयमालाला समजत होतं. नुसतं डावीकडे फिरवायचं. टेप पुन्हा वाजायची नाही. त्या दुपारचं ते सगळं, शिव्या, बायकांचं हसणं, मागचे बेडूक, कायमचं गेलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. जयमालाने देवीचं नाव घेतलं.

भाऊंनी हात काढून घेतला. पुन्हा जाऊ नये म्हणून मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. हातावर बसूनच त्यांनी आपली सगळी शोभा शेवटपर्यंत ऐकली.

मग पुढचे धवले आले, एकामागून एक, तेलवणीचे, हळदीचे, पाठवणीचा. शेवटचा धवला संपला, टेपेचं मोकळं टोक फटफट करत फिरलं, तेव्हा भाऊंनी मशीन बंद केलं. हेडवर तपकिरी भुकटी साचली होती. त्यांनी ती बोटावर घेऊन जयमालाला दाखवली. "टेपेची साल. पुन्हा नाही वाजायची ही. पण आलं सगळं. एक अक्षर गेलं नाही."

"गेलं असतं तरी चाललं असतं एखादं," वहिनी म्हणाल्या. "खरंच फाटली होती का हो?"

"शिवण उसवली होती," भाऊ म्हणाले.

जयमाला डोळे पुसत होती आणि हसतही होती. तिलाच त्यांची दया आली. "भाऊ, तेवढं बोलणं काढून टाका की. हळदीला काय, धवलेच लावायचे आहेत."

"हळदीला विपुल काय लावायचं ते निवडून लावेल. माझ्या हातून जाईल ते पूर्ण जाईल."

"पण आत्याला उद्या सगळं ऐकायचंय. तो किस्सा ती अजून सांगते, माहितीये? दर लग्नात. तो पोरगा पुन्हा भेटला तर म्हणते…"

"काय म्हणतात?"

"सुईदोरा घेऊन शिवून देते म्हणते."

भाऊ खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट आणि नवी कोरी पँट घालून जिन्यात उभे होते. खिशात बोटाएवढा पेनड्राइव्ह. त्याला चुंबकाची भीती नाही, म्हणून रिक्षा चालणार होती. आत्याने त्यांना जेवायला बोलावलं होतं, खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण होतं, आणि देवमाणसाला बघायला आळीतल्या बायका जमणार होत्या.

रिक्षा आली तरी भाऊ बसेनात. आत वहिनी ऐकत नाहीत ना, ते त्यांनी वळून बघितलं आणि जवळ आले.

"जयमालाताई, एक विनंती होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिसरा धवला संपला की भांड्यांचा आवाज येतो. तिथे मी खूण म्हणून चष्मा काढीन. तेवढ्या वेळात तुम्ही आत्यांच्या अगदी कानाशी बसून जरा जोरजोरात खोकाल का?"