मावशीची चेटकीण

आजोबांची दृष्टी गेली आणि दुपारी त्यांना वाचून दाखवायचं काम मावशीकडे आलं. तसं सगळंच तिच्याकडे आलं होतं, कारण तिचं लग्न झालेलं नव्हतं. "तिला कुठे काय व्याप आहे?" असं माझी आई म्हणायची, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

व्याप होता की! पलंग आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मशीन बसवून ती लोकांचे कपडे शिवायची. आजोबांनी हाक मारली की शिवण तिथेच थांबायचं. आणि आता एका मोठ्या नाटक कंपनीने तिला बोलावलं होतं. दुसऱ्या शहरात, पोशाख विभाग सांभाळायला, राहायच्या खोलीसकट. हे तिने मला स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून सांगितलं, कारण आजोबांचे कान फार तिखट. उत्तर आजच द्यायचं होतं.

"हो म्हणून टाक," मी म्हटलं.

"आणि बाबांना कोण सांगणार? तू?"

सध्या वाचन चाललं होतं एका जाडजूड अद्भुत कादंबरीचं. तिची नायिका चेटकीण. गावातली साथ घालवायची आणि त्याच्या बदल्यात सख्ख्या भावाचा आवाज राक्षसाला देऊन मोकळी व्हायची. आजोबा वैतागायचे. "ही बया चांगली की वाईट? एकदा काय ते ठरवा म्हणावं!" मावशीचा मात्र तिच्यावर भारी जीव.

त्या दुपारी मी शेजारी बसून पुस्तकात डोकावत होते. पानावर चेटकीण आपल्या आजारी बापाला मंत्राने झोपवून, बाहेरून कडी घालून निघाली होती. मावशी वाचत होती, "तिने बापाच्या अंगावर पांघरूण घातलं. रात्रभर ती त्याच्या उशाशी बसून राहिली..." यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. बाई चक्क मनाने रचत होती.

"पान उलटलं नाहीस," आजोबा म्हणाले.

"अं?"

"मघापासून एकाच पानावर आहेस. गेली ना ती?"

मावशीने पुस्तक मांडीवर ठेवलं. "गेली."

"न सांगता?"

"सांगितलं असतं, तर त्याने जाऊ दिलं असतं?"

आजोबांनी जरा विचार केला. "नसतं," ते म्हणाले. "मीही दिलं नसतं."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी उठायला गेली तर आजोबांच्या हातात तिची बाही. तिने बसल्या जागेवरूनच फोन घेतला. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. मी हातवारे करकरून दमले : हो म्हण, अगं हो म्हण!

"आभारी आहे," मावशी म्हणाली. "पण नाही जमायचं."

"कोण गं?" आजोबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक. मोठं काम होतं. नको म्हटलं."

"बरं केलंस. उगाच जिवाला त्रास." बाही सोडून ते आरामात आडवे झाले. पुस्तक उचलून त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. "हं, वाच आता. आणि लिहिलंय तेच वाच."

चेटकिणीने कडी घातली तिथपासून मावशीने सुरुवात केली. चेटकीण डोंगर उतरली, नदी ओलांडून गेली, एकदाही मागे वळून न बघता.

"नालायक कार्टी," आजोबा म्हणाले.

"हो ना," मावशी म्हणाली आणि पुढे वाचू लागली. तिचे गाल भिजत होते, हनुवटीवरून पाणी पानावर पडत होतं, पण आवाज तिने जरासुद्धा कापू दिला नाही.