कणकेचा गोळा

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतलं गुरुवारचं भजन गेल्या मार्चमध्ये बंद झालं. पखवाज वाजवायचे ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. ती ते माझ्या बायकोकडून नेत. दारातूनच ओरडत, "सूनबाई, गोळा दे गं! नवऱ्याच्या दोन चपात्या कमी कर, सुटलाय तो!"

मुलीची दहावी होती. आवाजाच्या तक्रारीवर पहिली सही माझी होती.

परीक्षा संपल्यावर मी काकांना म्हणालो, "आता करा ना सुरू."

"पखवाज गावच्या देवळात दिला रे," ते म्हणाले. "पोरगी पास होऊ दे."

त्या गुरुवारी बायकोने सवयीने गोळा बाजूला काढून ठेवला. जेवताना त्याच्या दोन चपात्या झाल्या.