पहाटे फिरायला जा, पण कुठे?

साखर कशी तपासायची हे विद्यार्थ्यांना दाखवायला मी माझंच बोट टोचलं. यंत्रावर तीनशेच्या वरचा आकडा आला. आहार, झोप, व्यायामानं आजार आटोक्यात कसा ठेवायचा, हे चंद्रपुरात भावी डॉक्टरांना शिकवणारी बाई मी!

मग एचबीएवनसी केली. म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. तीही वाढलेली. फिजिशियन सरांनी गोळी लिहिली. "तीन महिने बघू. नाही उतरली तर इन्सुलिन. डोळेही तपासून घ्या."

डोळे म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. बाबांची नजर याच आजारानं गेली होती. शेवटी ते माझा चेहरा हातानं चाचपायचे.

लपवण्यात अर्थ नव्हता. वर्गालाच म्हटलं, पेशंट मी, सल्ला तुम्ही द्या. मुलांनी फळ्यावर लिहिलं: भात कमी, भाजी जास्त, पहाटे तासभर चालणं.

ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातली प्रणाली उठली. "मॅडम, पहाटे कुठी चालाल? आमच्या गावी उजाडल्याबिगर कोणी बाहेर नाई निघत. वाघ राह्यते ना!"

वर्ग हसला. ती हसली नाही. "माह्या आईले बी शुगर हाय. डॉक्टरनं हेच सांगतलं. ती डरून घरीच बसते, अन् डॉक्टर म्हणते, बाई ऐकत नाई."

मी फळ्यावरचं 'पहाटे' पुसलं आणि तिच्या आईचा नंबर घेतला.

तेव्हापासून संध्याकाळी फोन लावून आम्ही दोघी चालतो. मी कॉलेजच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, त्या त्यांच्या अंगणात. "बाई, म्हैस पाहून राह्यली माह्याकडे," त्या म्हणतात. इकडे बाकांवरचे पेशंटचे नातेवाईक माझ्या येरझाऱ्या बघून विचारतात, काही हरवलं का? भात सोडला नाही, आमच्या धानाच्या मुलखातल्या, झाडीपट्टीतल्या माणसाला ते जमायचं नाही. वाटीभरावर आणला.

तुम्हालाही हा आजार निघाला तर घाबराल, चिडाल. चिडा. पण सल्ला आपल्या अंगणात बसतो का, हे डॉक्टरला जरूर विचारा.

तीन महिन्यांनी साखर उतरली. इन्सुलिन टळलं, गोळी राहिली. भीतीपोटी लांबवलेली डोळ्यांची तपासणीही केली, तिचा रिपोर्ट मात्र यायचा होता. त्या संध्याकाळी जीव थाऱ्यावर नव्हता, पाय भराभर पडत होते. चालता चालताच सिस्टरनं कागद हातात दिला. डोळ्यांचे पडदे शाबूत होते. मला बाबांचा हात आठवला आणि मी जागीच रडायला लागले.

फोनमधून प्रणालीच्या आईचा आवाज आला, "बाई, थांबल्या काऊन? चाला ना."