समुद्राचा सातबारा

समुद्र आणि आमचे व्याही यांची गाठ आयुष्याच्या उतारावर पडली, यात नुकसान झाले असेल तर ते समुद्राचे, असे माझे ठाम मत आहे. व्याह्यांच्या गावी, कळंबच्या पारावर या भेटीच्या नाना कथा ऐकू येतात. कोणी सांगतो, व्याही माळशेज घाटात ओकले आणि तेथूनच माघारी फिरले. कोणी सांगतो, लाटा पाहून त्यांना भोवळ आली आणि त्या भोवळीतच त्यांनी सौदा केला. या सर्व कथाकारांत एक गुण समान आहे: त्यांच्यापैकी एकही गाडीत नव्हता. मी होतो. तेव्हा पुढील हकीकत प्रमाण मानावी. ज्यास ती मान्य नसेल त्याने डिंगोऱ्यास माझ्या ओट्यावर यावे. चहा मिळेल, माघार मिळणार नाही.

माझी थोरली लेक त्यांच्या घरात दिली तेव्हा हे गृहस्थ निव्वळ कांदेवाले होते. पुढे एका वर्षी कांद्याने असा काही दगा दिला की, त्यांनी कांदा साठवायची बराख मोडून त्या जागी शीतगृह बांधले आणि मासळीची कंपनी काढली. घाटाखालून बर्फात घातलेली सुरमई, पापलेट, कोळंबी येऊ लागली. पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्या बायका ती साफ करून, कापून, पिशव्यांत बंद करू लागल्या. आणि माल मंचर-जुन्नरच्या खानावळींपासून पुण्यापर्यंत जाऊ लागला. कंपनीला ग्रामदैवताचे नाव द्यावे, असा व्याह्यांचा हट्ट होता. पुजाऱ्याने विचारले, "देवाला काय मासळीच्या खोक्यावर बसवता?" रंगारी तर शिडीवर चढलेला. व्याही म्हणाले, "मंग खालचंच तेवढं रंगव." तेव्हापासून फलकावर केवळ 'कंपनी' एवढाच शब्द आहे, आणि त्याच्या वर देवाच्या नावाची जागा मोकळी आहे.

माणूस मासळीत शिरला, पण त्याच्यातून कांदा-टोमॅटो काही निघाला नाही. पापलेटची पेटी उघडली की ते ड्रायव्हरला विचारणार, "ह्यो पयला तोडा का दुसरा?" सुरमईला अंगठ्याने दाबून म्हणणार, "पाटाच्या पान्यावरचा दिसतोय, टिकायचा न्हाई." पंचांगावाचून त्यांच्या शेडचे दार उघडत नसे. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, गुरुवार कोणाचा तरी असतोच; त्यात एकादशी आणि चतुर्थी. संकष्टीला ते स्वतः लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत. एकदा ऐन गाभाऱ्याशी असताना खानावळवाल्याचा फोन आला. व्याही तोंडावर उपरणे धरून म्हणाले, "देवाच्या दारात हाय. कोळंबीचं नाव काढू नगा. निसतं लाल माल म्हना." ही गोष्ट लोक थट्टेने सांगतात. मी म्हणतो, देवाची इतकी भीड ठेवणारा दुसरा व्यापारी दाखवा.

एका बाबतीत मात्र मी त्यांची बाजू घेणार नाही, आणि ती बाब म्हणजे कडता. बाजारात माती, ओल, सड अशा नावांखाली व्यापारी शेतकऱ्याच्या मालातून जे वजन कापतो, त्यास कडता म्हणतात. व्याह्यांनी उभी हयात तो सोसला आणि त्यावर अस्सल शिव्या रचल्या. पण काटा स्वतःच्या हाती येताच त्यांनी पहिले काय केले असेल, तर कडता सुरू केला. बर्फाचा कडता, खवल्यांचा कडता. एकदा तर सुरमईच्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवून ड्रायव्हरला म्हणाले, "आत हवा हाय. तिचं वजान कोन धरनार?"

माझ्या लेकीने बजावले, "मामा, अशानं माल बंद व्हईल."

"बंद व्हत न्हाई. येवढा कडता कापला माझा, म्या कवा कांदा बंद केला?"

पण माल बंद झाला. एका सकाळी गाडी रिकामी आली. बंदरावर होड्यांची मालकीण असते, तिला तिकडे नाखवीण म्हणतात, तिने ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता, "तुज्या शेठला सांग, हितं येऊन माज्या डोल्यांसमोर काप." शेडमध्ये शुकशुकाट झाला. ज्या बायकांना माझ्या लेकीने कोळंबीचा धागा काढण्यापासून सारे शिकवले होते, त्या दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिल्या आणि मग एकेक करून दुसऱ्यांच्या कांद्याच्या खुरपणीस जाऊ लागल्या. लेकीचा मला फोन आला. "दादा, शेड एकदा मोडली की या बाया पुन्हा जमायच्या नाहीत. तुम्ही जा मामांबरोबर. तुमच्याशी भांडायच्या नादात ते बंदरापर्यंत पोचतील तरी."

तिचा तर्क अचूक निघाला. गाडीने मला डिंगोऱ्यात घेतले, तेव्हापासून आमचा वाद जुंपला तो बंदर येईपर्यंत. घाटात ज्याला उलटी झाली तो मनुष्य व्याही नव्हते. कोण होता, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

समुद्रासमोर ते हात मागे बांधून उभे राहिले. दुसऱ्याच्या शिवारात उभे राहतात तसे. बराच वेळ पाहून म्हणाले, "लई पानी हाय, पावणं. कुनाच्या नावावर हाय ह्ये?"

"कोणाच्याच नाही."

"सातबाराच न्हाई? मंग बांध कोरायला शेजारी तरी कुटला!" पुढे होऊन त्यांनी बोट बुडवले, चाखले आणि थुंकले. "ह्ये पिकाला चालत न्हाई, तर येवढं सोडलं कशापायी? पाटबंधारेवाल्यांचं काम दिसतंय." भोवळबिवळ काही आली नाही. आला तो राग, आणि तोही पाटबंधारे खात्याचा.

वाळूत लिलाव चालला होता. नाखवीण कमरेवर हात देऊन आपल्या टोपल्यांपाशी ताठ उभी होती. एका व्यापाऱ्याने पायाच्या अंगठ्याने तिची सुरमई उलटी केली आणि एक भाव पुटपुटला. बाकीचे व्यापारी आकाशात पाहू लागले. बाई ताठ होती खरी, पण तिची नजर त्या अंगठ्यावर खिळली होती. कांद्याच्या ढिगाशेजारी उभा राहिलेला प्रत्येक शेतकरी ती नजर ओळखतो. मी ओळखली. व्याह्यांचे कान लाल झाले.

"ओ शेठ! पाय काढा आदी! माल हाय त्यो!" ते गरजले. "आन् ह्यो काय भाव हाय? डिजेल काय तुमच्या बापानं घातलं व्हतं?"

व्यापारी म्हणाला, "तू कोन रे? घेनारा का विकनारा?"

व्याही क्षणभर गोंधळले. मग ओरडले, "घेनारा!" आणि ते चढा भाव बोलले. कोणी पुढे बोलेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्याच बोलीवर आणखी चढवला.

मी त्यांचा सदरा ओढला. "पावणं, समोर कोणी नाही. कोणाच्या वर चढताय?"

"गप बसा, पावणं. कमी व्हतं ते."

नाखवीण पुढे आली. "तूच का रे तो बर्फ कापनारा?"

"व्हय." त्यांची मान खाली.

"आज काय कापतोस?"

"न्हाई. कायच न्हाई. आता कवाच न्हाई."

बाई इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या होडीतली माणसे वळून पाहू लागली. "च्या पी, भाऊ. असा येडा गिऱ्हाईक मी पयल्यांदा बगला."

पार म्हणतो, व्याही तेथे वेडे झाले. मी म्हणतो, त्या वाळूत शुद्धीवर असलेला तेवढा एकच मनुष्य होता. गाडी पुन्हा येऊ लागली, खुरपणीस गेलेल्या बायका परतल्या, आणि माझी लेक आज ती शेड चालवते. याहून निराळा पुरावा मला ठाऊक नाही.

अलीकडे समुद्रात म्हणे जाळी हलकी येतात. गाडीतल्या पेट्याही कमी झाल्या आहेत. व्याही फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात आणि पेटीला हात लावण्याआधी ड्रायव्हरला नाखवीणीचे विचारतात, "तिकडं कसं काय? घावलं का काय तिला?" परगावी दिलेल्या लेकीच्या शिवारात पाऊस झाला का, हे ज्या आवाजात विचारावे, तोच तो आवाज. परवा मी मुद्दाम कुरापत काढायला गेलो. म्हटले, "पावणं, तुमची मासळी काही ताजी वाटत नाही." त्यांनी पूर्वी माझे सात पूर्वज काढले असते. ते नुसते म्हणाले, "असंल, पावणं. लई लांबनं येती ती."

मी चहा घेऊन निघालो. त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही तालुक्यांत वाद घालण्याजोगा तेवढा एकच मनुष्य उरला होता. तोही जर असे बोलू लागला, तर मी आता कोणाच्या दारी जायचे?