शेंदराचे अकरा टिळे

दसरा जवळ आला की मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ठाण्यातला तो दिवस मला हमखास आठवतो, आणि अजूनही स्वतःचाच राग येतो. नोकरीतले कितीतरी खून-दरोडे मी विसरलो, पण एका जुन्या गाडीची साधी तक्रार काही डोक्यातून जात नाही. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना कळेल.

मी तेव्हा टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याच्या चार दिवस आधी एक निवृत्त गुरुजी तक्रार घेऊन आले. बायकोला दर आठवड्याला उपचारासाठी गोंदियाला न्यावं लागायचं, म्हणून त्यांनी एका दलालाकडून जुनी सात सीटची एसयूव्ही घेतली होती. कागदावर गाडी तीन वर्षांची. रंग असा झकपक, की त्यात पाहून भांग पाडून घ्यावा. पण दहा महिन्यांत तिने गुरुजींना पार रडवलं. कधी गरम होऊन उभी, कधी गिअर अडकलेला, कधी धूरच धूर. शेवटी राजेगावजवळ भर उन्हात बंद पडली. मागच्या सीटवर बायको कण्हतेय आणि गुरुजी रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवतायत.

"साहेब, मिस्त्रीनंच घात केला," गुरुजी म्हणाले. "माह्या गाडीचं चांगलं सामान काढलं अन् भंगार भरलं. नाही तं तीन सालची गाडी अशी काहून करंल?"

या मिस्त्रीचं गॅरेज गोंदिया रोडवर. हात सोन्यासारखा, जीभ तिखट. कुणी गाडी रेटून चालवली तर मालकाला चारचौघांत झापायचा. आमच्या ठाण्यातली निम्मी मंडळी त्याच्याकडेच जायची. मी आधी दलालाचे कागद पाहिले. चेसिसचा नंबर कागदाशी जुळत होता, इंजिनाचाही. दलाल सुटला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यातच खबऱ्याने सांगितलं, की मिस्त्रीच्या परसात त्याच मॉडेलचे जुने पार्ट पोत्यात भरून ठेवलेत. छापा घातला. पोतं सापडलं. झालं, मला वाटलं केस संपली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच त्याला ठाण्यात बोलावून बसवला.

"हौ जी, पार्ट त्याच गाडीचे हायेत," तो शांतपणे म्हणाला. "काढलेलं सामान मी फेकत नाही. गिऱ्हाईकानं मांगितलं तं दाखवाले पाह्यजे. गुरुजीले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, हे गाडी म्हातारी हाय. त्याईले राग आला."

"मग कागद खोटं बोलतात का?"

"कागदाचं मले नाही समजत साहेब. इंजनचा आवाज समजते."

मला हा उद्धटपणा वाटला. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, तेच प्रश्न दहा वेळा फिरवून विचारले. तो तेच उत्तर देत राहिला. खरं सांगतो, खोटं बोलणारा माणूस दर वेळी बयानात थोडी भर घालतो. हा एक शब्द वाढवत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारच्या आधी त्याने हात जोडले. "साहेब, आज हत्याराईची पूजा हाय. पाने-पेचकस तसेच पडून हायेत. एक घंटा सोडा, पायी वापस येतो."

"बस खाली. नाटकं नकोत," मी म्हणालो.

तो बसला. तेवढ्यात मुन्शीने, म्हणजे ठाण्याची लिखापढी पाहणाऱ्या हवालदाराने, कानात सांगितलं, की बातमी ऐकून लोक त्याच्या गॅरेजमधून आपापल्या गाड्या ढकलत दुसरीकडे नेऊन राहिले आहेत. तीस वर्षांत त्याने नाव सोडून दुसरं काही कमावलं नव्हतं, आणि ते आमच्या बाकावर बसल्या-बसल्या चाललं होतं.

मग ठाण्याची शस्त्रपूजा झाली. बंदुकांना हळद-कुंकू लावलं आणि थाळी जीपकडे गेली. आमच्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं आणि इंजिनामागच्या पत्र्यावर तेलातल्या शेंदराचा टिळा लावला. आधीच्या टिळ्यांच्या शेजारी, एका ओळीत.

"आत काहून लावतो रे?" मी विचारलं.

"बाहेरचा पाण्यानं जाते साहेब. आमच्याकडं सारे ड्रायव्हर इथंच लावतात. एक दसरा, एक टिळा."

अरे देवा! मी थाळी मुन्शीच्या हातात दिली आणि तडक आवारात जप्त करून ठेवलेल्या गुरुजींच्या गाडीकडे गेलो. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, चिंधीने तेलकट मळ बाजूला केला. टिळेच टिळे. पहिले काळे पडलेले, शेवटचे अजून तांबडे. दोनदा मोजले. अकरा! तीन वर्षांच्या गाडीने अकरा दसरे पाहिले होते. इंजिन बदलता येतं, पण हा तर गाडीच्या अंगाचाच पत्रा.

दलालासाठी गाड्या रंगवणाऱ्या पेंटरला उचलून आणलं. तो पाच मिनिटांत फुटला. अपघातात चुराडा झालेल्या नव्या गाडीचे कागद घ्यायचे, तिचे नंबर भंगारातल्या गाडीवर ठोकायचे, वरून रंग मारायचा, असा धंदा होता.

"एवढं सारं घासलंस, मग हे टिळे काहून ठेवले?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "पूजेचा शेंदूर कसा पुसाचा साहेब? पाप लागते ना."

खोटे नंबर ठोकताना पाप लागलं नव्हतं! पण त्या एका भीतीने मिस्त्री वाचला.

संध्याकाळी मी स्वतः मिस्त्रीला जीपमध्ये पुढे बसवून गॅरेजवर नेलं. बाजार पाहत होता. गुरुजींनी सगळ्यांसमोर त्याचे हात धरले आणि ते ढसाढसा रडले. मी धरले नाहीत. वर्दीत होतो ना! "मिस्त्री, आमच्या जीपलाही तुमच्या हातचा टिळा लावा," एवढंच म्हणालो, आणि त्यातच माफी आली असं समजून घेतलं. त्याने आधी हत्यारांची पूजा केली, मग जीपला टिळा लावला. हळूहळू त्याची गिऱ्हाइकं परत आली.

निवृत्तीनंतर मीही एक जुनी एसयूव्ही घेतली. त्यानेच लांजीहून शोधून दिली. "म्हातारी हाय, पण खोटं नाही बोलत," म्हणाला. सात वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. दर दसऱ्याला तो घरी यायचा, टिळा लावायचा, चहा प्यायचा आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो म्हणून मला शिव्या घालायचा. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही काढला नाही.

पोलिसाने कागदाइतकंच माणसाकडेही नीट पाहावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पण शिकलो म्हणजे फिटलं असं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेला. या दसऱ्याला बॉनेट मीच उघडलं. आत त्याच्या हातचे सात टिळे, एका ओळीत. आठवा मी लावला. जरा वाकडा गेला. तोंडातून निघून गेलं, "मिस्त्री, चुकलो मी त्या दिवशी."

बायको थाळी धरून बाजूला उभी होती. "हे तो होता तेव्हा म्हणाचं होतं जी," ती म्हणाली.

मी बॉनेट हळूच लावलं.