पाटावर बसण्यासाठी पळापळ

माझी बायको सुलोचना गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं अवऱ्याचे दाणे सोलत होतो.

अवरे म्हणजे पावट्याचा बेंगळूरचा चुलतभाऊ. थंडीत सगळ्या बाजाराला त्याचाच वास. दाणे भिजत घालायचे, मग एकेक चिमटीत धरून दाबायचा, की तो सालातून टुणकन बाहेर येतो. तिचे दाणे भांड्यात पडायचे, माझे टीव्हीपर्यंत जायचे.

"भांड्यात पाडा हो," ती म्हणाली. "त्या बातम्यावालीच्या नाकाला लागेल."

"लागू दे. ती कुठं खरं बोलते?"

झालं, हेच आमचं शेवटचं बोलणं. माणसं जाताना काहीतरी चांगलं बोलून जातात म्हणे. आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही. पहाटे ती झोपेतच गेली.

मी बेंगळूरच्या येलहंक्यातला लॉरी दुरुस्त करणारा मेस्त्री. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नडात. मराठी लिहायला हिनं शिकवलं, ती निपाणीची. या लिहिण्यात चुका असतील तर तिच्या नावावर घाला. ती आता भांडायला येत नाही.

आम्हाला मुलगा नाही, एकच मुलगी, रेवती. त्यामुळं तिच्या आईचं सगळं क्रियाकर्म माझ्याकडं आलं. बाराव्याला भटजी म्हणाले, "अण्णा, स्वल्प खाली बसा." (स्वल्प म्हणजे थोडं. या गावात सगळं स्वल्पच असतं, फक्त रस्त्यावरची गर्दी सोडून.) मी पाटाकडं वाकलो आणि मधेच अडकलो. खाली जाईना, वर येईना. गुडघ्यांनी संप केला. शेवटी शेजाऱ्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मी बायकोचे पिंड खुर्चीत बसून घातले.

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. तिच्या भावाच्या श्राद्धाला एकजण असाच खुर्चीत बसला होता. तेव्हा ही माझ्या कानात म्हणाली होती, "हा काय दाढी करायला आलाय?" आणि बाराव्याला समोर हार घातलेला तिचा फोटो, खुर्चीत मी. ती माझ्याकडंच बघत होती. मी तर दाढीही केलेली नव्हती.

मी ठरवलं, वर्षश्राद्धाला पाटावर बसायचं. मेलो तरी चालेल, पण मांडी घालून.

माझं डोकं इंजिनाचं. उभी गाडी गंजते, पळती गाडी पळत राहते. गुडघा म्हणजे तरी काय, बिजागरीच ना? मग तो चालता ठेवायला पाहिजे. आणि चालण्यानं एवढा फायदा, तर पळण्यानं केवढा!

जावई माझा पुण्याचा, आदित्य. सर्जापूर रोडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सुलोचना गेल्यावर दोघं माझ्याजवळ राहायला आली. तो रोज सकाळी पळतो. मनगटावर घड्याळ असतं, ते त्याला रात्री झोप कशी लागली ते सांगतं. (आमच्या घरात हे बायको सांगायची, न विचारता.)

मी म्हटलं, "जावईबापू, मलाही पळायचंय."

त्याला इतका आनंद झाला की त्यानं मला स्वतःचे जुने बूट दिले. "बाबा, ग्रेट! पण स्लो स्टार्ट करायचं हं. एक मिनिट जॉग, दोन मिनिटं वॉक. आठवड्यातून तीनच दिवस."

"एक मिनिट? बस पकडायला मी याच्यापेक्षा जास्त पळतो."

"बाबा, बॉडीला सवय नाहीये."

"बॉडीला विचारून मी आजपर्यंत काय केलंय?"

नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सावकाश चालवायचं, दाबायचं नाही, हे मी जन्मभर प्रत्येक ड्रायव्हरला बजावत आलो. पण ते लॉरीला. मी काय लॉरी आहे?

पहिल्याच दिवशी येलहंक्याच्या तलावाला पूर्ण वळसा मारला. पळत. म्हणजे मी त्याला पळणं म्हणत होतो. दोन बायका गप्पा मारत चालत माझ्या पुढं गेल्या. पण कुणीतरी ओरडलं, "अण्णा, सूपरु!" एका पोरीनं टाळ्या वाजवल्या. माझा नाश त्या टाळ्यांनी केला.

आणि दुसरी गोष्ट. ती मी रेवतीला सांगितली नाही. पळताना श्वास पुरत नाही. छाती भात्यासारखी होते. आणि ज्याला श्वास पुरत नाही त्याला कुणाची आठवण येत नाही. तेवढा वेळ मी विधुर नव्हतो, नुसता दमलेला म्हातारा होतो. फार बरं वाटलं. घरी आलो, श्वास जागेवर आला, आणि दारातच ती नाही हे परत कळलं.

म्हणून संध्याकाळीही गेलो.

मग हे रोजचंच झालं. सकाळी पळायचं, संध्याकाळी पळायचं. रविवारी दुपारी घर फार गप्प वाटायचं, म्हणून रविवारी दुपारीही. नडगी ठणकायला लागली; मी कापूर घातलेलं तेल चोळलं. टाच दुखायला लागली. बुटात जुना मोजा घडी करून घातला. लंगडतोय असं कुणी म्हटलं तर मी म्हणायचो, रस्ता वाकडा आहे. (येलहंक्यात हे कुणालाही पटतं.)

आदित्यनं एक दिवस मला दारातच अडवलं. "बाबा, आज रेस्ट डे घ्या. प्लीज."

"विश्रांती घ्यायला मी केलंय काय?"

"तुम्ही ओव्हरट्रेनिंग करताय. मसल रेस्टमध्ये बनतो, रनिंगमध्ये नाही."

"मग झोपून रहा की तुम्ही. पैलवान व्हाल."

रेवती आतून म्हणाली, "अप्पा, तो तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"तुझी आई चाळीस वर्षं माझ्या भल्याचं सांगत होती. तिचं ऐकलं का मी?"

बोलून गेलो. पोरीनं तोंड फिरवलं. मी पळायला गेलो. दुसरं काय करणार?

पुढं पुढं माझी तऱ्हाच बिघडली. रात्री डोळा लागेना. ताटावर बसलो की घास तोंडातच फिरायचा. दूधवाल्याशी भांडलो, कुकरशी भांडलो. एकदा भाजीच्या गाडीवर दोडका हातात घेऊन रडलो. गाडीवाल्याला वाटलं भाव ऐकून रडतोय. त्यानं बिचाऱ्यानं भाव कमी केला. (मग दोन किलो घेतला. आठवडाभर दोडका.)

शेवटी रेवतीनं आणि आदित्यनं धरून डॉक्टरकडं नेलं. हाडांचा डॉक्टर, तरुण, बेंगळूरचाच. त्यानं नडगीवर बोट दाबलं, मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट पाडला. आदित्यनं त्याला माझ्या पळण्याची सगळी कथा सांगितली.

डॉक्टर म्हणाला, "अण्णा, ही फाजील पळण्याची लक्षणं आहेत. झोप येते का?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

"चिडचिड होते? उगाच रडू येतं? सकाळी उठल्यावर छातीत धडधड? कशातच मन लागत नाही?"

"हो. सगळंच."

"कधीपासून?"

"बायको गेल्यापासून."

डॉक्टरानं पेन खाली ठेवलं. रेवतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "सरी, बरं. मग यातलं पळण्याचं किती आणि... ते दुसरं किती, हे मला सांगता येणार नाही. पण पळणं बंद करा. पळण्यानं आलेलं जाईल."

"आणि दुसरं?"

"त्याचं माझ्याकडं औषध नाही, अण्णा."

माणूस प्रामाणिक होता. म्हणूनच मी त्याचं ऐकलं नाही. अर्धंच जाणार असेल तर पळणं कशाला सोडायचं? निदान तेवढा वेळ तरी सुटका होती. आदित्यनं बूट लपवले. मी चपलांवर पळालो.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मला वाटलं, उद्या मांडी घालायची, तर आज अंग मोकळं करून ठेवावं. (अंग मोकळं करण्याची ही अक्कल कुठून आली, देव जाणे.) तलावाला नेहमीचा वळसा झाला. आणखी एक मारला. मग मनात आलं, उद्यानंतर तिच्यासाठी करायचं मोठं असं काही उरत नाही. वर्ष संपलं की माणूस रीतीनं मेला. हे मनात आलं, तेव्हा थांबायला भीती वाटली. किती वळसे मारले ते मला माहीत नाही. मला शोधायला आलेला आदित्य सांगतो, मी तेव्हा पळत नव्हतो, कठड्याला धरून पाय मागंपुढं करत होतो.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी भटजी आले. तेच, बाराव्याचे, पोट स्वल्प वाढलेले. "लवकर आटपू या अण्णा, मला पुढं हेब्बाळला दुसरं श्राद्ध आहे." त्यांनी माझं चालणं बघितलं आणि न विचारता म्हणाले, "खुर्ची?"

"पाट," मी म्हटलं.

रेवतीनं एक बगल धरली, आदित्यनं दुसरी. लॉरीचं इंजिन साखळीला बांधून उतरवतात तसं मला उतरवलं. मांडी घातली. म्हणजे आदित्यनं माझा एकेक पाय उचलून घातली. पण बसलो. पाटावर. फोटोकडं बघितलं, म्हटलं, बघ.

मंत्र सुरू झाले. दर्भ, तीळ, पाणी, सगळं व्यवस्थित. तिचा पिंड हातात घेतला, आणि उजव्या पोटरीत कुणीतरी पान्यानं बोल्ट आवळावा तसा गोळा आला. पाय आपोआप सुटला. सरळ पुढं. तांब्या भटजींच्या मांडीत. वर्षभरात मी इतक्या चपळाईनं काही केलं नव्हतं, आणि भटजी तर जन्मात इतक्या चपळाईनं उठले नसतील.

"पिंड! अण्णा, पिंड पाडू नका!"

पिंड मी डोक्यावर धरला होता. तेवढ्यात डाव्या पोटरीनंही उजवीचं बघून तेच केलं. दोन्ही पाय ताठ, हात वर, मी मागं कलंडत चाललो.

आदित्य धावला. "बाबा, पंजा वर ओढा! टोज अप!"

"त्यांना शिवू नको रे," भटजी ओलं धोतर झटकत म्हणाले, "श्राद्धाला बसलेत."

"मग पडू देऊ का?"

रेवतीला आधी रडू आलं, आणि मग त्या रडण्यातच हसू. ते तिला थांबवता येईना. तोंडात पदर कोंबून ती भिंतीला टेकली. वर्षभरात ती हसलेली मी बघितली नव्हती.

भटजी म्हणाले, "खुर्ची आणा आता. पुरे झालं."

पण खुर्चीतही बसवणार कसं? मला गुडघ्यात वाकवायचं म्हणजे फांदीच मोडायची. शेवटी जावयानं तोड काढली. तो माझ्या मागं, माझ्या पाठीला पाठ लावून बसला. मी त्याच्यावर रेललो, पाय समोर काठीसारखे, जसं लहान पोर अंगणात बसतं.

भटजींनी विचारलं, "मंत्र सोडू का पुढं म्हणू?"

"म्हणा," मी म्हटलं. "तिनं मला याहून वाईट अवस्थेत बघितलंय."

तसं झालं तिचं वर्षश्राद्ध. पिंड ठेवला, पाणी सोडलं. पाठीला जावयाचा श्वास वरखाली होताना जाणवत होता. माझाही श्वास हळूहळू जागेवर आला, आणि त्याच्या मागोमाग जे यायचं होतं ते आलं. पळून जायला पाय नव्हते. तिथंच बसून रडलो. भटजींनी हेब्बाळला फोन करून सांगितलं, उशीर होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती नेहमीच्याच वेळेला. शेजारी सुलोचना नव्हतीच. काठी घेतली आणि तलावावर गेलो, चालत. इतका सावकाश की पोचेपर्यंत पळणारे सगळे घरी गेले होते. काठावर एक बुटका सिमेंटचा ओटा आहे, गुडघ्याच्याही खाली. त्याच्यावर बसलो. कुणाची मदत नाही. पाणकोंबड्या बघितल्या. ती आठवली, भरपूर आठवली, कारण श्वास भरपूर होता. ऊन चढलं, तसं घरी जावं म्हटलं.

मग आदित्यला फोन केला. तो धापा टाकत आला, घरातल्या चपलांवर.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पळून पळून बसायला शिकलो. आता उठवा."