बिरागोची कात्री

घानातल्या कुमासी शहरात शनिवार म्हणजे मर्तिकांचा दिवस, आणि मर्तिकाचे कपडे म्हटले की बंतामा पेठेतली बिरागो. नवरीचे झगेही ती झकास शिवायची, पण नाव झालं ते दुखवट्याच्या कपड्यांनी. काळ्या-तांबड्या छापाच्या कापडातून ती बाह्यांना असा काही घेर काढायची, की रडायला आलेल्या बायका आधी एकमेकींच्या बाह्या न्याहाळायच्या. परक्यांच्या मरणावर तिची कात्री कधी अडखळली नव्हती.

त्या दिवशी बादूमामाने तिच्या टेबलावर गठ्ठा टाकला, तेव्हा मात्र तिने कात्री खाली ठेवली. काळ्यावर तांबडं. म्हातारं माणूस गेलं तर पांढऱ्यावर काळं चालतं; तांबडं असतं अकाली गेलेल्यासाठी.

"कोण गेलं, मामा?"

"वेड पांघरू नकोस. ओबेंगचं आहे."

ओबेंग तिचा धाकटा भाऊ. युरोपला जायचं म्हणून वाळवंट ओलांडून लिबियात पोचला, 'आता बोटीत बसतोय' असं फोनवर म्हणाला, आणि त्याचा फोन कायमचा बंद झाला. त्याला वर्ष उलटलं होतं. ना बातमी, ना देह.

"घरच्यांची बैठक झाली," मामा म्हणाला. "कापड ठरलं. तू कात्री लावलीस की दिवस जाहीर करतो."

"दुसऱ्या कुणाला द्या ना."

"घरात बिरागो असताना? लोक तोंडात शेण घालतील!"

तिची भीती साधी होती. सगळं घर हे नेसून बसलं, की ओबेंग मेला. तोवर नाही. हा खुळेपणा आहे हे तिलाही कळत होतं, पण कळून भीती जाते थोडीच! तिने सबबी सांगितल्या: मशीन बिघडलं, वीज नाही, बोट कापलं. गठ्ठा कपाटात कोंबला, तर कपाट उघडायचीच धास्ती बसली. फोन वाजला की ती दचकायची, नाही वाजला की जास्त.

शेवटी आई आली. बिरागोला वाटलं, सुटले! आईने नाही म्हटल्यावर मामाचं काय चालणार?

"माझं माप घे," आई म्हणाली.

"आई, तूसुद्धा?"

"घे म्हणते ना. तो तिकडे पडला असेल आणि इथे त्याला कुणी रडलंसुद्धा नाही, या विचाराने घास उतरत नाही गं. तुला एकीकडून भीती वाटते. मला दोन्हीकडून वाटते."

माप घेताना बिरागोला कळलं, आई किती वाळली होती. तिने कापड पसरलं. कात्री दोन्ही हातांनी धरली. पहिला कर्रकन आवाज झाला, तशी दोघींनी दाराकडे पाहिलं. कुणी आलं नव्हतं.

तुकडे गोळा करून ती मशीनपाशी बसली. आईने तिचा हात धरला.

"मशीन नको. हाताने शिव. कच्चे टाके घाल, लांब लांब."

"अगं, टिकायचं नाही ते अंगावर."

"नको टिकू दे. तो दारात आला, तर एका ओढीत उसवलं पाहिजे."